तिच्या स्वभावात धंदा नाहीये हे त्या टेस्टने ठरवायचं?

वाचकाचं पत्र :

ताई, नमस्कार. मी पुण्यात एमबीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझी रूममेट पॅलेस्टाईनची आहे, नाबलुसची, इथे कॉम्प्युटरचं एमएस्सी करतेय. दीड वर्षं ती मला एकच गोष्ट सांगतेय की परत जाऊन आई आणि मावशीला घेऊन ऑलिव्ह तेलाच्या साबणाचा छोटा धंदा सुरू करणार, वेबसाइट स्वतः बनवणार. मागच्या महिन्यात आमच्याकडे एक पर्सनॅलिटी टेस्ट झाली, तिचा रिझल्ट आला 'उद्योजकतेचा कल कमी'. कारण काय, तर ती इन्ट्रोव्हर्ट, टेन्शन घेणारी, आणि 'आयुष्य स्वतःच्या हातात आहे' यावर तिचा विश्वास कमी. तेव्हापासून ती साबणाचं नावच काढत नाही, दुबईतल्या नोकऱ्यांचे फॉर्म भरत बसते. माझे बाबा म्हणतात धंदा रक्तात लागतो, तो आपल्या मराठी लोकांत नाही आणि तिच्यातही नसेल. खरंच स्वभावावर एवढं असतं का? मी तिला काय सांगू?
– गोंधळलेली मैत्रीण, पुणे

ताईचं उत्तर :

पोरी, तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं नेहमीचंच आहे, टेस्टने घाबरलेलं कुणीतरी, अशी पत्रं मला ढिगाने येतात. पण ते 'आयुष्य स्वतःच्या हातात आहे यावर विश्वास कमी' वाचलं आणि पुढचं काही सुचेना, कारण हीच चूक मी स्वतः केलेली आहे, तीही एका पॅलेस्टिनी माणसाच्याच बाबतीत. ते पुढे सांगतेच.

आधी टेस्टबद्दल. हा जो 'स्वतःच्या हातात'वाला भाग असतो ना, तो १९६६ साली ज्युलियन रॉटर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मांडला, आणि तेव्हापासून असल्या बऱ्याच टेस्टमध्ये तो कुठल्या ना कुठल्या रूपात असतो. प्रश्न साधारण असे की तुम्ही प्लॅन केला की तो पार पडतो का, तुमच्या बाबतीत जे होतं ते तुमच्या कष्टाने होतं की नशिबाने, की दुसऱ्या कुणाच्या मर्जीने. आता डोळ्यासमोर आण. दोन डोंगरांच्या मधे वसलेलं नाबलुस, शहराबाहेर पडणाऱ्या रस्त्यांवर इस्रायली लष्कराचे चेकपॉइंट आणि लोखंडी गेटं, आज उघडं असेल तर असेल. एखादी मुलगी परीक्षेला निघालीये, अभ्यास झालाय, दोन तास हाताशी ठेवून निघालीये, आणि पोचणार की नाही ते एक सैनिक ठरवणार जो कदाचित तिच्यापेक्षाही वयाने लहान असेल. अशात लहानाची मोठी झालेल्या मुलीने 'मी प्लॅन केला की तो पार पडतो' याच्यापुढे 'नाही'वर टिक केलं. तिने खरं उत्तर दिलं गं! खोटं लिहिलं असतं तर मार्क जास्त पडले असते. रस्त्यावरचं गेट त्या टेस्टने तिच्या स्वभावाच्या खात्यात लिहून टाकलंय.

पण म्हणून स्वभावाचा काहीच संबंध नाही असं मी तुला सांगणार नाही, कारण तो आहे. २०१० मध्ये झाओ, सायबर्ट आणि लम्पकिन या तिघा संशोधकांनी आधीचे ६० अभ्यास एकत्र करून बघितलं, पंधरा हजारांवर माणसं होती त्यात. नवीन गोष्टींचं कुतूहल असणारा, हातातलं काम शिस्तीने तडीस नेणारा, चारचौघांत मिसळणारा आणि पटकन न घाबरणारा, अशा माणसाला धंदा करावासा जास्त वाटतो आणि त्याचा धंदा चालतोही थोडा बरा. सगळ्यांशी गोड असणं, पडतं घेणं, याचा मात्र फारसा संबंध दिसला नाही. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की धोका पत्करायची आवड असली तर धंदा सुरू करावासा वाटतो, पण धंदा चांगला चालण्याशी त्या आवडीचा संबंध सापडला नाही. म्हणजे बेधडक माणूस उडी मारतो, पण पोहता येतं की नाही तो प्रश्न वेगळाच राहतो. आणि हा सगळा स्वभाव एकत्र धरला ना, तरी एकाला धंदा करावासा वाटतो आणि दुसऱ्याला नाही यातला थोडाच भाग समजतो, उरलेला बराचसा माणसाच्या बाहेर असतो, घर, गाव, पैसा, रस्ता, कायदा.

आता माझी चूक सांगते. मी वीसेक वर्षं उद्योजकता विकासाची ट्रेनिंगं घेतली, त्यात एक खेळ असतो कड्या फेकायचा. जमिनीवर खुंटी, हातात दोऱ्याच्या कड्या, किती लांबून फेकायचं ते तुम्हीच ठरवायचं. अगदी खुंटीला चिकटून उभा राहणारा म्हणजे घाबरट, भिंतीला टेकून फेकणारा म्हणजे नशिबावर भिस्त ठेवणारा, आणि मधल्या अंतरावर उभा राहणारा तो खरा उद्योजक, असं आम्ही शिकवायचो. हे आलं अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांच्या विचारांतून, ज्यांनी १९६४-६५ मध्ये आंध्रातल्या काकिनाडाच्या छोट्या धंदेवाल्यांना हैदराबादला बोलावून ट्रेनिंग दिलं होतं. मीही हैदराबादला एकदा परदेशी पाहुण्यांच्या बॅचला आठवडाभर शिकवायला गेले होते, २०११-१२ची गोष्ट असेल. त्यात पॅलेस्टाईनमधल्या हेब्रॉन शहराचे एक गृहस्थ होते, पन्नाशीचे, कमी बोलणारे. कड्या हातात घेऊन ते बराच वेळ उभेच. मग त्यांनी विचारलं, मी एकदा उभा राहिल्यावर तुम्ही खुंटी हलवणार का? मी म्हणलं नाही हो, कशाला हलवू? ते पुढे येऊन खुंटीपासून हातभर अंतरावर उभे राहिले आणि सगळ्या कड्या एकेक करून घातल्या. मी त्यांच्या शीटवर लिहिलं, जोखीम घेण्याची क्षमता कमी.

शेवटच्या दिवशी चहाला ते बोलते झाले. घरचा चपला-बुटांचा छोटा कारखाना, वडिलांचा. हेब्रॉनमध्ये असे खूप कारखाने होते, स्वस्त चिनी माल आला आणि एकामागोमाग एक बंद पडले, त्यांचा मात्र चालू होता, दुसऱ्या इंतिफादाच्या, म्हणजे २००० नंतरच्या पॅलेस्टिनी उठावाच्या काळातही पूर्ण बंद ठेवला नाही. मी विचारलं रामल्लाला माल कसा पाठवता, तर म्हणाले सरळ रस्ता येरुशलेममधून जातो पण तिथून जायला परमिट लागतं, म्हणून वादी नारच्या घाटातून वळसा, आणि गाडी दुपारी पोचेल की रात्री ते आपल्या हातात नाही, म्हणून जे हातात आहे तेवढंच मी ठरवतो, चामडं किती घ्यायचं, उधारी कुणाला द्यायची नाही. मी खोलीवर आले आणि ती शीट काढून बघत बसले. त्यांच्या गावात खुंटी खरोखर हलते, कडी हवेत असताना हलते, आणि मी त्यांना घाबरट लिहून मोकळी झाले होते. त्यानंतर तो खेळ मी घेतला पण त्याखाली शेरा कधी लिहिला नाही.

तुझ्या बाबांचं 'रक्तात लागतो' आता घेऊ. बाबांचा राग नको करू, आपल्या घराघरात हेच ऐकत आपण मोठे झालो, मराठी माणसाने नोकरी करावी, धंदा त्याचा नव्हे. पण जरा पॅलेस्टिनी लोकांकडे बघ. अब्दुल हमीद शोमान, येरुशलेमजवळच्या बैत हनीनाचे, १९११ मध्ये अमेरिकेला गेले, दारोदार फेरीवाल्यासारखे कपडे विकले, परत आले आणि १९३० मध्ये येरुशलेममध्ये अरब बँक काढली. १९४८ ला इस्रायल झालं त्या युद्धात सगळं उलथंपालथं झालं, बँक अम्मानला गेली, पण ज्यांचे पैसे ठेवलेले होते त्या निर्वासितांना ते परत दिले, आणि ही बँक आज अरब जगातल्या मोठ्या बँकांपैकी आहे. बेथलेहेम आणि बैत जालाहून चिलीत गेलेल्या कुटुंबांनी तिथे कापडाच्या गिरण्या उभ्या केल्या. हसीब सब्बाग आणि सईद खूरी यांनी १९५२ मध्ये सीसीसी ही बांधकाम कंपनी सुरू केली, आखातात त्यांनी किती कामं केली त्याची गणतीच नाही. रक्त तेच आहे ना? मग बैत जालाचा माणूस सँटियागोत गिरणी काढतो आणि बैत जालातच राहिलेला त्याचा चुलतभाऊ काढत नाही, तर फरक कशाचा? आणि काकिनाडाला पुढे काय झालं तेही बाबांना सांग, ट्रेनिंग घेतलेले धंदेवाले नंतरच्या काळात न घेतलेल्यांपेक्षा जास्त हातपाय हलवताना दिसले. काही दिवसांच्या ट्रेनिंगने जे हलतं ते रक्तात कसं असेल.

आता तिकडची परिस्थिती, कारण तू एमबीए करतेस आणि तिला खरं काही मदत करायची असेल तर हे माहीत हवं. आपल्याकडे २०१६ मध्ये जिओचं ४जी आलं, वेस्ट बँकेत (नाबलुस, हेब्रॉन, रामल्ला आहे तो पॅलेस्टाईनचा भाग) पॅलेस्टिनी कंपन्यांना ३जी सुरू करता आलं ते जानेवारी २०१८ मध्ये. तुझी मैत्रीण वेबसाइट बनवेल, छान बनवेल, पण पेपल वेस्ट बँक आणि गाझातल्या पॅलेस्टिनींना सेवा देत नाही, म्हणजे बाहेरून पैसे घ्यायचे कसे हा तिचा पहिला प्रश्न असणार, साबणाचा वास कुठला ठेवायचा हा नाही. स्वतःचं चलन नाही, रोजचा व्यवहार इस्रायली शेकेलमध्ये. माल बाहेर पाठवायचा तर व्यापारी क्रॉसिंगवर एका ट्रकमधून उतरवून तपासून दुसऱ्या ट्रकमध्ये चढवतात, भाडं दोनदा आणि फुटतूट वेगळी. काही केमिकलं आणि मशीनचे भाग 'ड्युअल यूज', म्हणजे लष्करी कामालाही वापरता येतील, म्हणून अडवतात, तेव्हा साबणाला लागणारं कॉस्टिक, म्हणजे खार, कुठून आणि किती मिळतं हे तिने आजच घरी फोन करून विचारावं. इस्रायल आणि पॅलेस्टिनींमधल्या १९९४ च्या पॅरिस आर्थिक करारापासून आयातीवरचा कर इस्रायल गोळा करतं आणि मग पॅलेस्टिनी प्राधिकरणाला, म्हणजे तिथल्या सरकारला, देतं, तो अडवला की सरकारी पगार अर्धवट होतात, २०२१ च्या शेवटापासून तिथल्या सरकारी नोकरांना पूर्ण पगार मिळालेला नाही. म्हणजे आपल्या आईवडिलांना जी सरकारी नोकरी देवासारखी वाटते ती तिथे तशी राहिलेली नाही. आणि ऑक्टोबर २०२३ नंतर इस्रायलमध्ये कामाला जाणाऱ्या दीड लाखाच्या आसपास लोकांची परमिटं बंद झाली, त्यांच्या जागी बाहेरून मजूर आणले, त्यातली एक भरती २०२४ मध्ये आपल्या पुण्यातही झाली. हे तुझ्या मैत्रिणीला माहीत असेल. तिने तुला सांगितलं नसेल, पण माहीत असेल.

गाझाबद्दल लिहिताना माझा हात जड होतो. तिथे २०११ पासून गाझा स्काय गीक्स नावाचा उपक्रम होता, मुलंमुली कोडिंग शिकून फ्रीलान्सिंग करायची, नाकेबंदीतून माणूस बाहेर पडू शकत नव्हता पण त्याचं काम बाहेर पडायचं. ऑक्टोबर २०२३ नंतरच्या युद्धात विद्यापीठं गेली, ऑफिसं गेली, शिकवणारे गेले. तरी तंबूत बसून सोलरवर लॅपटॉप चार्ज करून काम पुरं करणारी पोरं आहेत. याला लोक पटकन 'काय हा जिद्दी स्वभाव' म्हणतात आणि पुढे जातात. मला ते आवडत नाही. त्या पोराला संधी दिसली म्हणून तो काम करत नाहीये, दुसरा रस्ता उरला नाही म्हणून करतोय, आणि त्याच्या नावापुढे 'उद्योजकतेचा कल जास्त' लिहिलं तर तेही तुझ्या मैत्रिणीच्या रिझल्टइतकंच चुकीचं आहे.

मग स्वभाव नक्की कुठे काम करतो? मानसशास्त्रज्ञ आइसेक आयझेन यांची १९९१ ची मांडणी तुमच्या अभ्यासात असेलच, माणूस एखादी गोष्ट करायची ठरवतो ती तीन गोष्टींवर, मला ते आवडतं का, माझ्या माणसांना ते चालेल का, आणि मला ते जमेल असं मला वाटतं का. स्वभाव या तिघांतून झिरपत येतो. तुझ्या मैत्रिणीला आवडतं हे दीड वर्षाच्या बडबडीवरून दिसतंच आहे (आणि बघ, इन्ट्रोव्हर्ट मुलगी दीड वर्षं एकाच विषयावर बोलते म्हणजे काय ते). घरच्यांचं काय, ते तू लिहिलं नाहीस आणि मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. तिथे मुली खूप शिकतात, पण कामाच्या बाजारात उतरलेल्या बायका शंभरात वीसही नाहीत. आई आणि मावशी सोबत आहेत म्हणजे हा दुसरा खांब तिने आधीच उभा केलाय, शांत माणसं असंच करतात, गाजावाजा न करता आधी घर जिंकतात. राहिला तिसरा, जमेल का. तो त्या टेस्टने मोडला. त्याला पुन्हा उभं करायचं काम तुझं आहे.

आणि धंदा कुठला निवडलाय ते तरी बघा! माझ्या टेबलावर नाबलुसच्या साबणाची एक वडी आहे, त्या बॅचमधल्याच एका बाईंनी दिली होती, मी ती वापरली नाही. मळकट पांढरी, चौकोनी, कडा हाताने कापल्यासारख्या थोड्या वाकड्या, वर ठोकलेला शिक्का, वास जवळजवळ नाहीच. ऑलिव्ह तेल, पाणी आणि खार, बस. मोठ्या भांड्यात कितीतरी दिवस ढवळून शिजवायचं, जमिनीवर ओतायचं, दोरी लावून आखायचं, कापायचं, एकेका वडीवर शिक्का ठोकायचा आणि मग वड्या पोकळ मनोऱ्यासारख्या माणसाच्या उंचीच्या वर रचायच्या, वारा खेळायला फटी ठेवून, आणि वाळायला महिनेच्या महिने ठेवायच्या. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने ही कला वारशाच्या यादीत घेतली. यात बेधडक माणसाचं काय काम आहे? घाई करणारा ओली वडी विकेल. जो टेन्शन घेतो तो खार दोनदा मोजतो. जो कमी बोलतो त्याच्याकडे बोलणारी मावशी असली म्हणजे झालं, गिऱ्हाईक ती सांभाळेल. मी काही तिचा घाबरटपणा गुण म्हणून विकत नाहीये, भीतीने धंदा करावासा वाटणं कमी होतं हे वर सांगितलंच, पण भीती कशाची आहे ते वेगळं काढता येतं. बोलायची भीती असेल तर ती सवयीने जाते. गेटची भीती खरी आहे, तिच्यासाठी हिशोब लागतो, धीर देऊन ती जात नाही.

म्हणून तिला 'तू पॅलेस्टिनी आहेस, तू तर लढवय्यी' असलं काही म्हणू नकोस. तिकडे 'सुमूद' असा एक शब्द आहे, आपल्या मातीला धरून राहणं, तो त्यांचा त्यांनी वापरायचा, आपण बाहेरून तिच्या खांद्यावर ठेवायचा नाही, दमतं माणूस त्याने. त्यापेक्षा एक संध्याकाळ काढ, चहा कर आणि कागदावर दोन रकाने आखा, एकात तिच्या हातात असलेल्या गोष्टी आणि दुसऱ्यात नसलेल्या. तेल कुणाच्या झाडांचं, पहिला घाणा किती वड्यांचा, अम्मानमध्ये किंवा आखातात कुणी नातेवाईक आहे का ज्याच्या खात्यात पैसे येऊ शकतील, गेट आठवडाभर बंद राहिलं तर काय नासेल (साबण नासत नाही, हे तिने किती विचारपूर्वक निवडलंय ते तेव्हा तुझ्या लक्षात येईल). ओळखीपाळखीचंही लिहा, तिकडे त्याला वस्ता म्हणतात, आपला वशिलाच, तो असतो आणि लागतो. भारताच्या मदतीने बिरझीतला उभं राहिलेलं टेक्नो पार्क आहे, वेबसाइटच्या कामासाठी तिथे चौकशी करायला काय हरकत आहे. नदीम खूरी बॉस्टनहून परत येऊन १९९४ मध्ये आपल्या तैबे गावात बिअरची ब्रुअरी काढू शकले ती गोष्टही तिला ठाऊक असेल, पण त्यांच्याकडे घरचं भांडवल आणि परत यायला अमेरिका होती, हेही त्याच कागदावर लिहा, नाहीतर तुलना तिच्या अंगावर येईल.

दुबईचे फॉर्म भरतेय तर भरू दे. शोमानही आधी परदेशातच गेले होते. दोन वर्षं नोकरी, थोडे पैसे, बाहेरच्या बँकेत एक खातं आणि तिकडे नाबलुसला आई-मावशीचा पहिला छोटा घाणा, हे दोन्ही एकाच वेळी चालू शकतं. फक्त तिने ते स्वतःच्या हिशोबाने ठरवावं, त्या टेस्टच्या कागदावरून नाही. आणि परत न जायचं ठरवलं तरी तिच्याशी वाद घालू नकोस, तिथे राहायचं काय मोल पडतं ते तुला-मला इथे बसून कळणार नाही.

ऑलिव्ह ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उतरतात. तोपर्यंत तो कागद भरला तर मला फोटो पाठव, कॉस्टिकचं काय कळलं तेही लिही, आणि पहिला घाणा निघाला की त्यातल्या दहा वड्या माझ्या नावाने लिहून ठेवायला सांग, पैसे तिने सांगितलेल्या पद्धतीने पाठवीन, वळसा घालून पाठवावे लागले तरी चालतील.

– तुझी ताई